दहा रात्री, दोन माणसे: सेरेंगेटी आणि झांझिबार यांची वाटणी

तुमच्या प्रश्नातील माहिती थोडक्यात अशी आहे. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसानिमित्त तुम्ही दोघेच ऑगस्टच्या अखेरीस दहा रात्रींसाठी पूर्व आफ्रिकेला जाणार आहात, आणि जंगल व समुद्र दोन्ही हवे आहेत. एका आयोजकाने दिलेला कार्यक्रम तुम्ही सोबत जोडला आहे : केनियातील मसाई मारा दोन रात्री, अंबोसेली एक, नामांगाची सीमा ओलांडून टांझानियातील लेक मन्यारा एक, न्गोरोंगोरो एक, सेरेंगेटी दोन आणि झांझिबार तीन. तुमच्या पत्नीला कमरेचे जुने दुखणे आहे, दोघेही शाकाहारी आहात, आणि तुमचे प्रश्न तीन आहेत : उद्याने योग्य निवडली आहेत का, आधी समुद्र घ्यावा की जंगल, आणि झांझिबारचा कोणता किनारा चांगला.

गेली सोळा वर्षे मी पुण्यातून पूर्व आफ्रिकेच्या सहली आखून देते, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सहली तुमच्यासारख्या दोघांच्याच असतात. त्या अनुभवावरून सांगते की तुमच्यापुढची खरी अडचण उद्यानांच्या निवडीची नाही. कार्यक्रमातील प्रत्येक ठिकाण उत्तमच आहे. प्रश्न आहे तो दहा रात्रींतील जागेपणीचे तास कुठे खर्च होणार याचा. मुक्कामाचे गणित साधे असते : एका जागी एक रात्र म्हणजे हाती एकही पूर्ण दिवस नाही, दोन रात्री म्हणजे एक पूर्ण दिवस, तीन रात्री म्हणजे दोन. या हिशेबाने जंगलातील सात रात्री पाच ठिकाणी वाटल्यावर तुमच्या हाती फक्त दोन पूर्ण दिवस राहतात, एक मारामध्ये आणि एक सेरेंगेटीत. बाकीच्या दिवशी सकाळी तुम्ही बॅगा भरत असाल आणि दुपारी महामार्गावर असाल. सिंह, चित्ते, बिबटे यांची हालचाल पहाटे सहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते साडेसहा या वेळांत सर्वाधिक असते, आणि नेमके हेच तास प्रवासाच्या धांदलीत जातात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करते. महिना बदलला तर माझा सल्ला बदलेल. फेब्रुवारीत विचाराल तर मी तुम्हाला सेरेंगेटीच्या दक्षिणेकडे न्दुटूला पाठवीन, कारण तेव्हा विल्डबीस्ट या हरणांसारख्या मोठ्या प्राण्यांची पिल्ले तिथे जन्मतात. एप्रिल-मे असेल तर ‘मसिका’ म्हणजे मोठ्या पावसामुळे कदाचित थांबाच म्हणेन. एखाद्याला छायाचित्रणाचा ध्यास असेल तर त्याच्यासाठी समुद्राच्या रात्री कमी करीन. परंतु ऑगस्टची अखेर, पहिली भेट, कमरेचा त्रास आणि दोघांचा निवांत वेळ या चार गोष्टी धरल्या, तर पुढचे उत्तर मी बऱ्यापैकी ठामपणे देऊ शकते.

पहिली गोष्ट, केनिया या खेपेला वगळा. नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना चिकटलेली दिसतात, आणि प्राण्यांच्या दृष्टीने ते एकच कुरण आहे. माणसांना मात्र एका उद्यानातून थेट दुसऱ्यात जाता येत नाही, म्हणूनच तुमच्या कार्यक्रमात अंबोसेली आणि नामांगाचा इतका मोठा वळसा आला आहे. तुमच्या मनातील विल्डबीस्टचे स्थलांतर दोन देशांत दोनदा पाहण्यासारखे नाही. दहा लाखांहून अधिक जनावरांचे ते एकच चक्र आहे, आणि ऑगस्टमध्ये त्याचा मोठा भाग मारा नदीच्या दोन्ही काठांवर असतो. ती नदी टांझानियातील उत्तर सेरेंगेटीतूनही वाहते. शिवाय मारा राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचे, तर सेरेंगेटी १४,७६३ चौरस किलोमीटरचे आहे. आपला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प गाभा आणि बफर मिळून १,७२७ चौरस किलोमीटरचा आहे, यावरून अंदाज येईल. केनियात जाऊच नये असे मी म्हणत नाही. हाती सात रात्रीच असत्या तर मी उलट मारा आणि दियानीचा किनारा ही जोडी सुचवली असती, कारण माराच्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने दियानीजवळ उतरता येते आणि सगळे एका देशात आटोपते. दहा रात्रींत दोन देश, दोन प्रवेशपरवानग्या, दोन गाड्या आणि दोन मार्गदर्शक हा मात्र निव्वळ शीण आहे.

त्याऐवजी मी असा कार्यक्रम आखीन. मुंबईहून आदिस अबाबामार्गे किलिमांजारो विमानतळ आणि परत येताना झांझिबारहून आदिस अबाबामार्गे मुंबई, असे जाण्याचे एक व येण्याचे दुसरे शहर धरून एकाच कंपनीचे तिकीट काढावे. पहिली रात्र अरुशा शहरात. दुसऱ्या दिवशी वाटेत तारांगिरे उद्यान पाहून कराटू गावी दोन रात्री. त्यांतील मधल्या दिवशी न्गोरोंगोरोचे विवर. चौथ्या दिवशी सेरेंगेटी, तिथे तीन रात्री. सातव्या दिवशी सेरेंगेटीच्या धावपट्टीवरून थेट झांझिबार, तिथे चार रात्री. म्हणजे झांझिबारला पोहोचेपर्यंत फक्त तीनदा अंथरूण बदलते. मन्यारा गळते, त्याची खंत बाळगू नका. झाडावर चढणाऱ्या सिंहांसाठी त्या उद्यानाचे नाव होते, पण तसे सिंह सेरेंगेटीतही दिसतात, आणि ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत तारांगिरे त्याहून कितीतरी भरलेले असते. आसपासचे पाणी आटल्यामुळे हत्तींचे कळपच्या कळप त्या नदीवर येतात, आणि गोरखचिंचेची प्रचंड झाडे पाठीमागे असतात. गोरखचिंच आपल्याकडेही आहे, वसई परिसरातील किल्ल्यांजवळ ती अनेकांनी पाहिली असेल, पण संपूर्ण टेकडीवर पसरलेली गोरखचिंचेची रांग पाहणे वेगळे.

न्गोरोंगोरोविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण बहुतेक आयोजक त्याला अर्धा दिवस देऊन मोकळे होतात. खचलेल्या ज्वालामुखीचे हे विवर सुमारे सहाशे मीटर खोल आणि तळाशी जवळजवळ २६० चौरस किलोमीटर आहे. तळावर मुक्काम करता येत नाही, संध्याकाळी सर्वांना वर यावेच लागते. काठ समुद्रसपाटीपासून बावीसशे मीटरहून अधिक उंच असल्यामुळे ऑगस्टच्या पहाटे तिथे महाबळेश्वरच्या डिसेंबरची आठवण होईल अशी थंडी आणि गाडीच्या काचेपुढे काही दिसू नये असे धुके असते. आफ्रिका म्हणजे उकाडा या समजुतीने आलेली जोडपी इथे कुडकुडतात, तेव्हा एक जाड जाकीट आणि कानटोपी न्याच. धुक्यातून खाली उतरणाऱ्या त्या वळणावळणाच्या रस्त्यावर एका क्षणी ढग वर राहतात आणि खाली पिवळे पठार, मधोमध खाऱ्या सरोवराची पांढरी कड आणि ठिपक्यांएवढ्या म्हशी दिसू लागतात. काळे गेंडे दिसण्याची शक्यता जिथे खरोखर धरता येते अशा मोजक्या जागांपैकी ही एक आहे, मात्र ते लांबूनच दिसतात, म्हणून दोघांसाठी दोन दुर्बिणी न्या. एकच दुर्बीण असली की गेंडा वळतो त्या क्षणी ती नेमकी दुसऱ्याच्या हातात असते. जिराफ तिथे शोधू नका, विवराच्या उभ्या भिंती उतरून तो खाली येत नाही.

मागच्या खेपेला मी स्वतः तिथे होते, तेव्हा दहाच्या उन्हात एक सिंहीण सरळ आमच्या गाडीकडे चालत आली आणि गाडीच्या सावलीत मागच्या चाकाला पाठ लावून झोपली. इंजिन बंद होते, आणि तिच्या श्वासाचा घरघर आवाज पत्र्यातून ऐकू येत होता. चाळीस मिनिटे आम्ही जागचे हललो नाही. आमच्यामागून आलेल्या दोन गाड्यांना मात्र पुढच्या मुक्कामाला वेळेत पोहोचायचे असल्यामुळे पाच मिनिटांत निघावे लागले. रात्री कमी ठिकाणी वाटा असे मी सांगते, ते अशा चाळीस मिनिटांसाठी.

आता सेरेंगेटी. तीन रात्री कुठे काढायच्या, मध्यभागी सेरोनेराला की उत्तरेला कोगाटेंडेला, यावर जाणकारांतही मतभेद आहेत. ऑगस्टमध्ये नदी ओलांडणारे कळप उत्तरेला असतात हे खरे आहे. पण नदी ओलांडण्याचे दृश्य कोणीही हमीने दाखवू शकत नाही. कळप काठावर येतो, धूळ उडते, हजारो जनावरे एकमेकांना ढकलतात, आणि तीन तासांनी सगळी मागे फिरतात. मी सलग दोन दिवस काठावर बसून रिकाम्या हाताने परतलेली माणसे पाहिली आहेत, आणि गाडी थांबवता थांबवता अर्ध्या तासात ते दृश्य मिळालेलीही. सेरोनेरात तसे नाट्य नाही, पण स्थलांतर न करणारे प्राणी तिथे बाराही महिने असतात. गवताळ मैदानात बेटांसारखे उभे असलेले खडकांचे उंचवटे, ज्यांना तिथे ‘कोप्ये’ म्हणतात, त्यांवर सिंह ऊन खात पडतात, आणि सेरोनेरा नदीकाठच्या बाभळींच्या आडव्या फांद्यांवर बिबट्या शोधण्यात मार्गदर्शकांचे डोळे तयार असतात. तीन रात्री या दोन जागांत दोन-एक अशा वाटल्या तर मधला तीन-चार तासांचा खडबडीत रस्ता आला. तुमच्या पत्नीच्या कमरेचा विचार करता मी तिन्ही रात्री सेरोनेराला काढण्याच्या बाजूची आहे. नदी ओलांडण्याचे दृश्य हेच तुमचे स्वप्न असेल, तर मात्र सेरोनेरा पूर्ण सोडा आणि तिन्ही रात्री कोगाटेंडेला राहा. अर्धवट वाटणी करू नका.

रस्त्यांबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. अरुशा ते कराटू डांबरी रस्ता आहे, सुखाचा आहे. न्गोरोंगोरोच्या प्रवेशद्वारानंतर डांबर संपते, आणि विवराच्या काठावरून उतरून सेरेंगेटीकडे जाणारा रस्ता पत्र्याच्या छपरासारखा वळ्यावळ्यांचा आहे. कराटू ते सेरोनेरा अंतर नकाशावर फार मोठे दिसत नाही, पण वेळ चार ते पाच तास लागतो, आणि त्या सगळ्या वेळात गाडी कंप पावत असते. निरोगी माणसाला याचे काही वाटत नाही. कमरेचे दुखणे असेल तर तीन उपाय आहेत. गाडीत मधल्या ओळीची जागा घ्यावी, मागच्या चाकावरची नव्हे. कमरपट्टा आणि एक छोटी उशी सोबत ठेवावी. आणि खर्च परवडत असेल तर मन्याराच्या धावपट्टीवरून सेरोनेरापर्यंत छोटे विमान घ्यावे, म्हणजे हा एकच वाईट तुकडा टळतो. परतीला तुम्ही विमानानेच निघणार असल्यामुळे तोच रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही. आपल्या डॉक्टरांना हे सगळे आधी सांगावे, विशेषतः मणक्यात चकती सरकलेली असेल तर.

गाडी स्वतंत्र घ्या. यावर मी ग्राहकांशी वाद घालते आणि तुमच्याशीही घालीन. चार अनोळखी माणसांबरोबर वाटून घेतलेल्या गाडीत पैसे वाचतात, पण कोणाला पक्षी पाहायचे असतात, कोणाला फक्त सिंह, कोणाला दुपारी मुक्कामी जाऊन झोपायचे असते. ताडोबात चार तासांची फेरी असते, त्यामुळे जिप्सीतील सहप्रवासी सहज सोसतात. इथे सकाळी सहा ते संध्याकाळी सहा तुम्ही त्याच गाडीत असता. पैसे कमी करायचेच असतील तर तंबूचा दर्जा एक पायरी उतरवा. साध्या तंबूतही पलंग, न्हाणीघर आणि सांगितल्यावर बादलीने गरम पाणी भरून मिळणारा शॉवर असतो. रात्री कुंपण नसलेल्या त्या मुक्कामावर जेवणाच्या तंबूपासून आपल्या तंबूपर्यंत सोडायला रखवालदार विजेरी घेऊन येतो. त्याच्याशिवाय अंधारात दहा पावलेही टाकायची नाहीत, हा नियम दोघांनीही गांभीर्याने पाळावा.

खर्च इतका का, असा प्रश्नही तुमच्या मनात येईल. सर्वांत मोठा वाटा उद्यानांच्या शुल्काचा आहे. सेरेंगेटीचे शुल्क हंगामात परदेशी प्रौढ व्यक्तीला चोवीस तासांसाठी ७० डॉलर आणि त्यावर १८ टक्के कर असे आहे, मुक्कामाचे शुल्क वेगळे. न्गोरोंगोरोच्या तळावर उतरण्यासाठी माणसांखेरीज प्रत्येक गाडीला २५० डॉलर अधिक कर द्यावा लागतो, आणि गाडीत दोन माणसे असोत की सहा, ही रक्कम तीच राहते. म्हणून दोघांची सहल माणशी महाग पडते, यात आयोजकाची लबाडी नसते. मारामध्ये जुलै २०२४ पासून वर्षाच्या उत्तरार्धात माणशी दिवसाला २०० डॉलर लागतात, हे केनिया वगळण्याचे आणखी एक कारण. ही शुल्के अधूनमधून बदलतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी चालू दर लेखी मागावेत. चोवीस तासांचे घड्याळ प्रवेशद्वारावर शिक्का बसल्यापासून चालू होते, आणि चांगला मार्गदर्शक त्याप्रमाणे आत-बाहेर जाण्याची वेळ बसवतो. तिसऱ्या दिवशी तो अचानक घाई करू लागला तर त्याचे कारण बहुधा हे घड्याळ असते.

आधी समुद्र की आधी जंगल, याचे उत्तर तुमच्यासाठी निःसंशय आधी जंगल हे आहे. जंगलात पहाटे पाचला उठणे, धूळ, गार वारा आणि दिवसभर बसणे असते. त्यानंतर शरीर आपोआप समुद्र मागते. उलट क्रम केला तर चार दिवस सैलावलेल्या अंगाला पुन्हा पहाटे उठवणे जड जाते, आणि शेवटच्या दिवसाची धूळ घेऊनच घरचे विमान गाठावे लागते. आपल्याकडील घड्याळाच्या टांझानिया अडीच तास मागे असल्यामुळे पहिल्या दिवसांत पहाटे जाग येणे अगदी सोपे असते, हाही जंगल आधी घेण्याचा फायदा. याला माझा एकच अपवाद आहे : लग्नाचे सोहळे आटोपून दुसऱ्याच दिवशी निघणारी नवी जोडपी. ती इतकी दमलेली असतात की त्यांना मी आधी दोन रात्री समुद्रावर झोपू देते. तुमची परिस्थिती तशी नाही.

सेरेंगेटीहून झांझिबारला जाणारी विमाने दहा-बारा आसनांची असतात, आणि सामानाची मर्यादा सहसा माणशी पंधरा किलो, तीही हातातील पिशवी धरून. चाकांची कडक सुटकेस त्या विमानाच्या पोटात बसत नाही. माझ्या एका ग्राहक जोडप्याला धावपट्टीवर सुटकेस उघडून अर्धे सामान मार्गदर्शकाच्या हवाली करावे लागले होते. मऊ कापडी बॅगा घ्या. कपडे खाकी, मातकट किंवा फिकट हिरवे असावेत. गडद निळा आणि काळा टाळा, कारण तारांगिरे आणि सेरेंगेटीच्या झाडीत त्सेत्से माश्या असतात, त्या या रंगांकडे ओढल्या जातात आणि त्यांचा चावा कपड्यातूनही झोंबतो. लष्करी ठिपक्यांचे कपडे नेऊ नयेत, तिथे ते सामान्य नागरिकांना वर्ज्य आहेत. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात २०१९ च्या जूनपासून बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू कापडी पिशवीत किंवा डब्यात न्यावेत.

झांझिबारच्या किनाऱ्याबद्दल तुम्ही विचारलेला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण याच बाबतीत मी सुरुवातीच्या वर्षांत एका जोडप्याची सुट्टी बिघडवली होती. त्यांना मी पूर्व किनाऱ्यावर, ऐन पौर्णिमेच्या दिवसांत चार रात्री पाठवले. सकाळी नाश्ता करून ते वाळूवर आले तेव्हा समुद्र तिथे नव्हता. पाणी जवळजवळ किलोमीटरभर मागे, प्रवाळाच्या भिंतीपर्यंत गेले होते, आणि पोहण्याइतके पाणी दुपार कलल्यावर आले. चारही दिवस हेच झाले. त्यांनी मला दूषण दिले नाही, पण चूक माझीच होती. मी कोकणात वाढले आहे, उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, कधी येते हे मला लहानपणापासून ठाऊक होते, आणि तरी मी तिथी पाहिली नव्हती.

आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येची भरती साधारण दुपारी बाराच्या सुमारास येते. झांझिबारला ती चारच्या सुमारास येते, पहाटे आणि दुपारी, त्यामुळे उधाणाच्या दिवसांत ओहोटीचा तळ बरोबर सकाळी दहाच्या आसपास पडतो. भरती-ओहोटीतील फरक तेव्हा चार मीटरच्या आसपास असतो, आणि पूर्वेचा किनारा अतिशय उथळ असल्यामुळे एवढ्या फरकाने पाणी दूरवर ओसरते. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, भरती सकाळी दहाच्या सुमारास येते आणि फरकही थोडा असतो. म्हणून तारखा ठरवताना घरातील भिंतीवरचे कॅलेंडर काढा आणि झांझिबारच्या चार दिवसांची तिथी पाहा. अष्टमीच्या आजूबाजूला येत असतील तर पूर्वेचे पाजे, जांबियानी, मातेम्वे हे शांत किनारे बिनधास्त घ्या. पौर्णिमा किंवा अमावास्या येत असेल तर उत्तर टोकाचे नुंगवी किंवा केंडवा घ्या. तिथे समुद्रतळ लवकर खोल होतो आणि दिवसभर पोहता येते. केंडवा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सूर्यास्तही समुद्रावर मिळतो. ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ‘कुसी’ नावाचा आग्नेयेचा वारा तेव्हा जोरात असतो, तो पूर्व किनाऱ्यावर थेट येतो आणि उत्तर-पश्चिम बाजूला कमी जाणवतो. पाजेला पतंगाच्या दोरीवर लाटांवरून घसरण्याचा खेळ जो भरात असतो, तो याच वाऱ्यावर. निवांत पोहणे हा हेतू असेल तर तिथी कोणतीही असली तरी ऑगस्टमध्ये माझा कल केंडवाकडे राहील. नुंगवी-केंडवाला गर्दी आणि रात्रीचा गोंगाट अधिक असतो, तेव्हा मुक्काम मुख्य वस्तीपासून थोडा बाजूला घ्यावा.

पूर्व किनाऱ्याची ओहोटी हे निव्वळ नुकसान मात्र नाही. केंडवाला राहिलात तरी एक सकाळ जांबियानीला जाऊन या. पाणी ओसरले की गावातील बायका गुडघाभर पाण्यात काठ्या रोवून त्यांमध्ये ताणलेल्या दोऱ्यांवर समुद्री शेवाळाची शेती करतात, त्याला तिथे ‘म्वानी’ म्हणतात. एक-एक जुडी सुतळीच्या फासात अडकवण्याचा त्यांचा हात भाताची लावणी करणाऱ्या हातासारखाच भरभर चालतो. जाताना पायात रबरी बूट घाला, कारण खडकांच्या खाचांत काटेरी समुद्री साळू असतात. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारा, आणि नको म्हटले तर कॅमेरा खाली ठेवा.

चार रात्रींपैकी पहिली रात्र स्टोन टाऊनमध्ये काढावी. सेरेंगेटीहून दुपारी उतरल्यावर लगेच आणखी दीड तासाचा प्रवास करून उत्तर टोक गाठण्यापेक्षा हे सोयीचे आहे. २००० सालापासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या या जुन्या शहरात पितळी खिळ्यांचे कोरीव दरवाजे पाहताना गुजरात आणि कच्छच्या व्यापाऱ्यांच्या खुणा पावलोपावली दिसतात. गायक फ्रेडी मर्क्युरीचा जन्म इथलाच, १९४६ सालचा, आणि शाळा आपल्या पाचगणीची. वस्ती बहुतांशी मुस्लिम आहे, म्हणून शहरात आणि खेड्यांत खांदे व गुडघे झाकणारे कपडे दोघांनीही घालावेत, पोहण्याचा वेश किनाऱ्यापुरता ठेवावा. संध्याकाळी फोरोधानीच्या बागेत खाण्याच्या गाड्या लागतात, तिथे आले-लिंबू घालून काढलेला उसाचा रस प्यायल्यावर घरची आठवण येईल. ‘उरोजो’ नावाचे आंबट-तिखट कालवण भजी आणि बटाटा घालून देतात, मांस नको असे आधी सांगावे.

शाकाहाराची चिंता फारशी करू नका. चपाती, भात, घेवड्याची उसळ, भाज्या, फळे सगळीकडे मिळतात, आणि मुक्कामांना आगाऊ कळवले तर स्वयंपाकी मनापासून करतात. दुपारचा डबा मात्र सहसा कोरडा असतो, तेव्हा मेतकूट, लोणचे, चटणी जवळ ठेवा. विवरातील न्गोइटोकिटोक तळ्याकाठी जेवायला थांबाल तेव्हा गाडीतच बसून खा. तिथल्या घारी हातातला घास झडप घालून नेतात, आणि त्यांची नखे बोटाला लागतात.

आरोग्याच्या बाबतीत विलंब करू नये. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. केनिया आणि इथिओपिया भारताच्या दृष्टीने पीतज्वराचे देश आहेत, आणि लसीच्या दाखल्याशिवाय अशा देशातून आलेल्या प्रवाशाला परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर थांबा लहान आहे का, या वादात न पडता दाखला जवळ ठेवावा. दाखला आजन्म चालतो. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. त्या परत आल्यावरही काही दिवस चालू ठेवायच्या असतात, आणि लोक नेमके तेच विसरतात. तुमच्या पत्नी गरोदर असतील, बाळाला अंगावर पाजत असतील किंवा गर्भधारणेचा विचार चालू असेल, तर लस आणि गोळ्या या दोन्हींचा निर्णय पूर्णपणे बदलतो, म्हणून डॉक्टरांपाशी ही गोष्ट संकोच न करता पहिल्याच भेटीत बोलावी. झांझिबारमध्ये प्रवेशासाठी ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या सरकारी विमा महामंडळाचा प्रवासविमा सक्तीचा आहे, प्रौढाला ४४ डॉलर. तुमचा भारतातील विमा असला तरी हा वेगळा घ्यावाच लागतो. तिथे विम्याला ‘बिमा’च म्हणतात आणि गाडीला ‘गारी’, त्यामुळे खिडकीपाशी बोलणे सोपे जाते.

समुद्रात खोल बुडी मारण्याचा विचार असेल तर ती झांझिबारच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी उरकावी. बुडीनंतर अठरा ते चोवीस तास विमानात बसू नये, आणि शेवटचा दिवस त्यासाठी मोकळा लागतो.

ऑगस्ट हा तिथला सर्वाधिक मागणीचा काळ असल्यामुळे सेरोनेरातील चांगले तंबू महिनोन्महिने आधी भरतात. तेव्हा पहिल्यांदा तंबूच्या तारखा पक्क्या करा, मग विमानाची तिकिटे, आणि झांझिबारचा मुक्काम तिथी पाहून शेवटी. आयोजकाला तीन गोष्टी लेखी विचारा : गाडी फक्त आम्हा दोघांची आहे का, प्रत्येक दिवशी रस्त्यावर किती तास जातील, आणि उद्यानांची सर्व शुल्के व विवराचे गाडीशुल्क दिलेल्या रकमेत धरले आहेत का. उत्तरे आली की इथेच लिहा. तारखा कळवल्यात तर तिथीप्रमाणे पूर्व किनारा घ्यावा की केंडवा, हे मी नक्की करून सांगेन.